हिब्रू शिकवणारे राजपूरकर मास्तर आणि आपल्या ट्रंकेतली मोडी

जोसेफ एझेकिएल राजपूरकर.

मंडळी, हे नाव ऐकलंय का कुणी? नसेल ऐकलं तर त्यात तुमची काही चूक नाही. शाळेत आपल्याला हे कुणी शिकवलंच नाही. पण आज जरा वेळ काढून या माणसाबद्दल वाचा. पोस्ट मोठी आहे, आधीच सांगतो. शेवटी विषय आपल्या कोल्हापूरवरच येणार आहे.

नावाची गंमत बघा. जोसेफ आणि एझेकिएल ही बायबलच्या जुन्या करारातली नावं, आणि आडनाव मात्र आपल्यासारखं ‘कर’ लावलेलं, कोकणातलं. हे मुंबईतले बेने इस्रायली, म्हणजे मराठी ज्यू. जन्म १८३४ चा, मृत्यू १९०५ चा. जोतीराव फुले आणि न्यायमूर्ती रानडे ज्या काळात काम करत होते, त्याच काळातला हा मास्तर. मुंबईच्या डेव्हिड ससून बेनेव्होलंट इन्स्टिट्यूशन या ज्यू शाळेत जवळपास चाळीस वर्षं मुख्याध्यापक. मुंबई विद्यापीठात हिब्रूचे परीक्षक. आणि सगळ्यात मोठं काम म्हणजे हिब्रू प्रार्थनांची एकामागून एक पुस्तकं त्यांनी मराठीत आणली.

तुम्ही म्हणाल, बरं मग? एका छोट्या समाजाच्या मास्तरानं आपल्या धर्माची पुस्तकं मराठीत केली, त्यात आपल्याला काय?

सांगतो. त्यासाठी थोडं मागं जावं लागेल.

बेने इस्रायली लोकांची परंपरा सांगते की, त्यांचे पूर्वज फार पूर्वी अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्याला जहाज फुटून लागले. कधी, किती जण, यावर अभ्यासकांचे वाद आहेत, ते सोडून देऊ. पण कोकणात हे लोक पिढ्यानपिढ्या राहिले, तेलाचे घाणे चालवले, मराठी बोलू लागले, गावावरून आडनावं घेतली. किहीमचे ते केहीमकर, नवगावचे ते नवगावकर. शनिवारी घाणा बंद ठेवायचे म्हणून गावानं त्यांना नाव दिलं ‘शनिवार तेली’. मुलांची सुंता, शनिवारचा विसावा, खाण्यापिण्याचे नियम आणि ‘शमा’ नावाची एक प्रार्थना, एवढं त्यांनी धरून ठेवलं. पण हिब्रू भाषा हातातून गेली. धर्मग्रंथ जवळ नाही, असला तरी वाचणारा नाही. प्रार्थना तोंडपाठ, अर्थ माहीत नाही.

विचार करा, शेकडो वर्षं एक समाज आपली ओळख सांभाळतो, पण आपल्या ग्रंथातली एक ओळ त्याला वाचता येत नाही.

मग ही भाषा परत आली कशी? एक तर कोचीनहून ज्यू शिक्षक आले. त्यांनी प्रार्थनेच्या पद्धती शिकवल्या. १७९६ साली मुंबईत पहिलं सिनेगॉग उभं राहिलं, सॅम्युअल दिवेकर या बेने इस्रायली माणसानं बांधलेलं. मुंबईचं मस्जिद स्टेशन आपल्याला माहीत आहे, ते नाव या सिनेगॉगवरूनच पडलं असं सांगतात.

दुसरे आले मिशनरी. १८१३ मध्ये अमेरिकन मिशनचे लोक मुंबईत उतरले. (अमेरिकन मिशनरी म्हटलं की आपल्याला वाइल्डर आठवतात. ते पुढं १८५२ साली कोल्हापुरात आले. वाइल्डर मेमोरियल चर्च त्यांच्याच नावाचं.) १८२९ मध्ये स्कॉटलंडचे जॉन विल्सन मुंबईत आले. विल्सन कॉलेज ज्यांच्या नावानं आहे तेच. या माणसानं १८३२ साली एक पुस्तक काढलं, हिब्रूचं व्याकरण, पण मराठीत समजावून सांगितलेलं. बेने इस्रायली मुलांना हिब्रू शिकता यावं म्हणून.

आता मिशनऱ्यांचा हेतू काय होता हे लपवण्यात अर्थ नाही. त्यांना या लोकांनी ख्रिस्ती व्हावं असं वाटत होतं. पण झालं वेगळंच. बेने इस्रायली लोकांनी शाळा घेतली, व्याकरण घेतलं, जुन्या कराराचं मराठी भाषांतर घेतलं आणि धर्म मात्र आपलाच ठेवला. मिशनच्या शाळांत शिकून बाहेर पडलेली पिढी ज्यू म्हणून आणखी पक्की झाली. आपल्याच प्रार्थनांचा अर्थ त्यांना पहिल्यांदा कळायला लागला होता.

राजपूरकर मास्तर या पिढीतले.

त्यांच्या समोर दोन वाटा होत्या. एक म्हणजे, स्वतः हिब्रू पंडित व्हायचं आणि समाजात मान मिळवायचा. वाचणारा एकच असला की त्याची किंमत वाढते, हे कुठल्याही गावात बघायला मिळतं. दुसरी वाट म्हणजे, आपल्याला जे येतं ते सगळ्यांना यावं म्हणून आयुष्य घालवायचं. त्यांनी दुसरी धरली. रोजच्या प्रार्थना, सणांच्या प्रार्थना, उपवासाच्या प्रार्थना मराठीत आणायच्या, म्हणजे घाण्यावर काम करणाऱ्यालाही, स्वयंपाकघरातल्या बाईलाही आपण देवापुढं काय म्हणतोय ते कळेल. आणि दिवसभर शाळेत पोरांना शिकवायचं. चाळीस वर्षं म्हणजे किती पोरं झाली असतील, हिशेब तुम्हीच करा.

हे एकट्याचं काम नव्हतं. १८७४ साली पुण्यात ‘हगादा’ छापला गेला. वल्हांडणाच्या सणाला ज्यू घरात जेवणाच्या वेळी वाचतात ते पुस्तक. मोझेस जेकब तळकर आणि आरोन डॅनियल तळकर यांनी तो काढला. हिब्रू आणि मराठी शेजारी शेजारी. छापला कुठं? विठ्ठल सखाराम अग्निहोत्री यांच्या छापखान्यात! त्यातल्या चित्रांत बायका सणाच्या बिनखमिराच्या भाकरी करतायत आणि त्यांच्या अंगावर नऊवारी लुगडी आहेत. गोष्ट इजिप्तमधल्या गुलामगिरीची, बायका आपल्या कोकणातल्या, छापखाना अग्निहोत्रींचा. पुढं याच समाजानं आपल्या कीर्तनाच्या चालीवर मोशे आणि योसेफाच्या कथा गायला सुरुवात केली. महाराष्ट्र म्हणजे काय असं मला कुणी विचारलं तर मी हे उदाहरण देतो.

आता जरा अमेरिकेकडं बघा, म्हणजे राजपूरकरांची किंमत कळेल.

अमेरिकेत हिब्रू शिकवणारा पहिला नावाजलेला मास्तर म्हणजे जुडा मोनिस. जन्म १६८३ चा, ज्यू. हार्वर्ड कॉलेजात त्या काळी हिब्रू सक्तीची होती, कारण पाद्री व्हायचं तर बायबल मूळ भाषेत यायला हवं. मोनिसनं हिब्रूचं व्याकरण लिहून हार्वर्डला दाखवलं. १७२० मध्ये त्यांना तिथली एम. ए. पदवी मिळाली. म्हणजे विद्वत्ता मान्य. पण नोकरी? १७२२ च्या मार्चमध्ये मोनिस यांचा कॉलेजच्याच सभागृहात जाहीर बाप्तिस्मा झाला आणि त्यानंतर महिन्याभरात हिब्रूचे शिक्षक म्हणून नेमणूक झाली. भाषा ज्यूंची, ती सगळ्यात चांगली येणारा माणूस ज्यू, पण शिकवायची तर आधी ज्यूपण सोड.

हा माणूस पुढं अडतीस वर्षं हार्वर्डमध्ये शिकवत राहिला. सुरुवातीला मुलं त्याचं व्याकरण हातानं उतरवून घ्यायची. १७३५ मध्ये इंग्लंडहून हिब्रूचे खिळे मागवून ते छापलं. अमेरिकेत छापलेलं ते पहिलं हिब्रू व्याकरण. धर्मांतरानंतरही मोनिस विसाव्याचा दिवस शनिवारच पाळायचे असं सांगतात. ज्यूंनी आपला मानला नाही, ख्रिस्ती लोकांनी पूर्ण विश्वास ठेवला नाही. मन कुठं राहिलं असेल त्या माणसाचं!

आणि इकडं त्यांच्या नंतर शंभर-सव्वाशे वर्षांनी मुंबईत राजपूरकर. सरकार परक्यांचं, शाळा परक्यांच्या, पण हिब्रू शिकवण्यासाठी या मास्तराला आपला धर्म सोडावा लागला नाही. विद्यापीठानं ज्यू म्हणूनच त्यांना परीक्षक नेमलं. हार्वर्डमध्ये हिब्रू होती पाद्री घडवण्यासाठी. पोरं कंटाळायची, पाठ करायची, विसरायची. मुंबईत हिब्रू होती घरच्या माणसांसाठी, आणि ती मराठीच्या दारातून आत आली. मला वाटतं सगळा फरक इथं आहे. हरवलेली भाषा परत मिळवायची तर ती ज्याला शिकवायची त्याच्या आईच्या भाषेतून शिकवावी लागते, आणि तोलामापाशिवाय, येईल त्याला शिकवावी लागते.

आपल्याकडं हे नवीन नाही खरं तर. पंडिता रमाबाईंचं उदाहरण घ्या. संस्कृत तर त्यांना लहानपणापासून येत होतं, वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी बायकोला संस्कृत शिकवलं म्हणून समाजाचा रोष घेतलेला. बाईंनी पुढं मोठ्या वयात हिब्रू आणि ग्रीक शिकून घेतलं, का तर सगळं बायबल मूळ भाषांतून साध्या मराठीत आणायचं. कमी शिकलेल्या बाईलाही कळेल अशा मराठीत. दौंड तालुक्यातल्या केडगावला मुक्ती मिशनमध्ये छापखाना होता. तिथं खिळे जुळवायला बायकाच होत्या, ज्यांना घरानं टाकलं होतं, दुष्काळानं उघडं पाडलं होतं. त्यांच्या हातून हिब्रू आणि ग्रीकवरून आलेलं पुस्तक छापलं गेलं. बाई १९२२ ला गेल्या, पुस्तक १९२४ ला बाहेर आलं. त्यांच्या धर्मांतराबद्दल कुणाला काय वाटायचं ते वाटो, पण या कष्टाला हात जोडावेच लागतात.

आणि कोल्हापूरचं काय सांगायचं! १८९९ साली पंचगंगेच्या घाटावर जे झालं, तो वाद होताच मुळी कोणते मंत्र कुणासाठी म्हणायचे याचा. शाहू महाराजांनी ते प्रकरण मानापमानावर सोडलं नाही. पुढं त्यांनी ब्राह्मणेतरांना वेदोक्त पौरोहित्य शिकवणारी शाळा काढली. कुराण मराठीत यावं म्हणूनही त्यांनी पैसे दिले. ग्रंथ ज्याचा असेल त्याला तो आपल्या भाषेत समजला पाहिजे, मधे दलाल नको, हा विचार या मातीत रुजलेला आहे.

आता मुद्द्यावर येतो.

३ ऑक्टोबर २०२४ ला मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला. पेढे वाटले, फलक लागले, भाषणं झाली. आनंद मलाही झाला. पण त्याच्या एकच वर्ष आधी, २०२३ मध्ये, आपल्या राज्यात काय चाललं होतं ते आठवा. कुणबी नोंदी शोधायच्या होत्या. न्यायमूर्ती शिंदे समिती नेमली होती. तहसीलमध्ये, रेकॉर्ड रूममध्ये रुमाल सोडले गेले. आणि कळलं काय? जुने कागद मोडीत आहेत, आणि मोडी वाचणारा माणूस मिळत नाही. लाखो घरांचं भवितव्य ज्या कागदावर अवलंबून, तो कागद आपल्याच भाषेत, आपल्याच आजोबा-पणजोबांच्या हातचा, आणि आपल्याला त्यातलं एक अक्षर लागत नाही. मोडी जाणकारांच्या दारात रांगा लागल्या.

बेने इस्रायली लोकांची दोनशे वर्षांपूर्वी जी अवस्था होती, तीच ही अवस्था. त्यांना वाचता यायचं नाही याला निदान कारण होतं, समुद्र ओलांडून आले, शतकं उलटली. आपलं कारण काय? कोल्हापूर संस्थान मुंबई राज्यात विलीन झालं १९४९ ला. संस्थानच्या कारभाराचे कागद मोडीत. म्हणजे ज्यांच्या हातचं हे अक्षर आहे, त्यांच्या मांडीवर खेळलेली माणसं आज आपल्यात आहेत. दोन पिढ्यांत आपण निरक्षर झालो, घरातल्या कागदांपुरते.

माझ्याकडं अधूनमधून कुणीतरी येतं, पिशवीतून एखादा पिवळा कागद काढून टेबलावर ठेवतं. ‘पत्रकारसाहेब, हे कुणाकडनं वाचून मिळंल?’ कधी वाटणीपत्र असतं, कधी कर्जखत, कधी नुसता देवस्थानचा हिशेब. मी एक-दोन जाणत्यांचे नंबर देतो. ते जाणते सत्तरीच्या पुढचे आहेत. त्यांच्यानंतर कुणाचा नंबर द्यायचा?

इथं हिब्रूची आणि मोडीची एक गोष्ट सारखी आहे, ती सांगायला पाहिजे. हिब्रूत मूळ अक्षरं सगळी व्यंजनं, स्वर दाखवायला खाली-वर टिंबं देतात. शिकणाऱ्याच्या पुस्तकात ती टिंबं असतात, पण जुन्या पोथीत नसतात. शब्द आधी माहीत असेल तरच वाचता येतो. मोडीचंही तसंच. ऱ्हस्व-दीर्घ नाही, दोन शब्दांत अंतर नाही, लेखणी न उचलता ओळ पळत जाते, शिवाय कारकुनाचे स्वतःचे संक्षेप. नुसती मुळाक्षरं पाठ करून मोडी येत नाही. शेजारी बसून ‘हे बघ, हा शब्द असा लागतो’ म्हणणारा मास्तर लागतो. वर्षानुवर्षं लागतो.

मोडीचे वर्ग होत नाहीत असं नाही. होतात. आठ-दहा दिवसांचं शिबिर, शेवटी प्रमाणपत्र, फोटो. शिकवणारे मनापासून शिकवतात, बहुतेक वेळा पदरमोड करून. पण शिबिरानंतर रोज बसायला जागा नाही, वाचायला कागद नाहीत, वाचून काही मिळकत नाही. मग पोरगं तरी कशाला बसेल? एखाद्या पोरीनं जिद्दीनं शिकून घेतलंच तर तिला कामाला लावणारं पद नाही.

काही जण म्हणतील, आता मोबाईल वाचेल की मोडी, माणूस कशाला? वाचेल, वाचू दे. पण मोबाईलला शिकवायचं तरी कुणी? आधी माणसानं हजारो पानं वाचून, बरोबर लावून दिली तर यंत्र शिकणार. आणि यंत्रानं वाचलेलं खरं की खोटं, हे ठरवायला पुन्हा जाणता माणूसच लागणार. जमिनीच्या वादात एक शब्द चुकला तर काय होतं हे कोर्टाच्या पायऱ्या झिजवलेल्यांना विचारा.

मग करायचं काय? माझ्या साध्या अपेक्षा आहेत, कुणाला मोठ्या वाटल्या तर वाटू देत.

एक, जिल्ह्यात निदान काही शाळांत आठवी-नववीला आठवड्यातून दोन तास मोडी. परीक्षा नको, गुणांची भीती नको. वाचायला पोरांच्या घरातलेच कागद.

दोन, आपल्या पुराभिलेखागारात आणि तहसीलमध्ये मोडी वाचकाचं कायमचं पद. कंत्राटी नाही, मोहिमेपुरतं नाही. पोटाला मिळालं तर पोरं शिकतील.

तीन, जे जाणते हयात आहेत त्यांना महिन्याला ठरावीक मानधन आणि हाताखाली दोन-दोन शिष्य. सत्कार, शाल, नारळ नंतर. आधी शिष्य.

चार, वाचनालयांनी पुढं यावं. आपलं करवीर नगर वाचन मंदिर १८५० पासूनचं. गावोगावी अशी जुनी वाचनालयं आहेत. रविवारी सकाळी एक टेबल, एक जाणता, आणि ज्याच्या घरी जुना कागद आहे त्यानं तो घेऊन यायचं. याला सरकारची परवानगीही लागत नाही.

बेने इस्रायली लोकांतले बहुतेक जण १९४८ नंतर हळूहळू इस्रायलला गेले. आता भारतात काही हजारच उरलेत. पण तिकडं जाताना ते दोन भाषा घेऊन गेले. एक हिब्रू, जी त्यांना मराठीतून परत मिळाली होती. आणि दुसरी मराठी. तिथं त्यांनी ‘मायबोली’ नावाचं मराठी नियतकालिक चालवलं. घरात मराठी बोलायची, सणाला पुरणपोळी, आणि देवळात प्रार्थना हिब्रूत. राजपूरकर मास्तरांसारख्या माणसांनी पोरांना शिकवलं म्हणून हे जमलं.

हार्वर्ड मोठं, तिथले खिळे इंग्लंडचे, तिथं हिब्रू सक्तीची. तरी तिथं ती परीक्षेपुरती राहिली. इकडं मुंबईच्या एका शाळेतला मास्तर मराठीतून शिकवत राहिला आणि एका समाजाच्या तोंडी आपली प्रार्थना अर्थासकट आली. दर्जा दिल्लीतून मिळतो, त्याबद्दल आभार. पण वाचायला शिकवणारा माणूस दिल्लीतून येणार नाही, तो आपल्याच गल्लीत उभा करावा लागेल.

तुमच्या गावात, तालमीच्या आसपास, भावकीत कुणी मोडी जाणणारं असेल तर खाली कमेंटमध्ये गाव आणि तालुका तेवढा लिहा. (फोन नंबर उघड टाकू नका, मला मेसेज करा.) जिल्ह्याची एक यादी तयार करूया. आणि घरात जुनी ट्रंक असेल तर रद्दीवाल्याला द्यायच्या आधी एकदा उघडून बघा.